सैल दोरी

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखाने इतके की रात्री साडेनवानंतर आमच्या गल्लीत हॉर्नसुद्धा दबून वाजतात. लग्नसराईत मात्र एखादी वरात आत शिरतेच. मागच्या हिवाळ्यात अशीच एक आली. पुढे बँडवाले, डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया, मागे घरघरणारा जनरेटर आणि मधोमध सजवलेली पांढरी घोडी. नवरदेव अजून चढायचा होता. एका बंद दुकानावर बांधलेलं निळं प्लॅस्टिक वाऱ्याने फडफडलं आणि घोडीचे चारही पाय जागीच रुतले. मान ताठ, दोन्ही कान त्या प्लॅस्टिकवर रोखलेले, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलेलं. दोरी धरणाऱ्या पोराने तिला पुढे ओढलं. ती मागे सरली. त्याने जोर लावला, ती आणखी मागे.

मग गर्दीतून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी पोराच्या हातून दोरी घेतली आणि सैल सोडली. घोडीच्या खांद्याशी उभे राहिले. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पाहत होती त्याच प्लॅस्टिककडे तेही पाहत राहिले. बँड वाजतच होता. मिनिटभराने घोडीने मान खाली आणली, लांब श्वास सोडला, ओठ चाटल्यासारखे केले आणि त्यांच्या मागोमाग चालायला लागली.

गॅलरीतून हे बघताना मी थक्क झाले. तीन-साडेतीनशे किलोचं जनावर ओढल्यावर मागे जातं आणि सोडल्यावर पुढे येतं, हे काय गणित आहे? दुसऱ्या दिवशी बँडवाल्यांकडून त्या गृहस्थांचा पत्ता काढला. त्यांना सगळे काकाजी म्हणतात. काकाजींचा तबेला काटोल रस्त्याला, शहर संपतं तिथे. त्याच महिन्यात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून त्यांनी एक नवी घोडी आणली होती. तीन वर्षांची, राखाडी, नाव चांदणी. माणसाचा हात दिसला की भिंतीला चिकटायची. "या जी रविवारी," काकाजी म्हणाले. "पन पाहाले काई भेटनार नाही. घाई आपल्याले रायते, तिले नाही."

मराठीत घोडा 'घाबरतो' असं आपण क्वचित म्हणतो. घोडा बुजतो. बैल बुजतो, नवं माणूस बुजतं, आणि पाखरांना बुजवायला शेतात आपण बुजगावणं उभं करतो. भीती मनात बसते. बुजणं आधी अंगात होतं, कारण मागाहून कळतं. घोड्याच्या बाबतीत हा शब्द शास्त्रज्ञाने घडवावा इतका नेमका आहे. गवत खाणारा, शिंगं नसलेला हा प्राणी मोकळ्या माळावर लाखो वर्षं टिकला तो आधी पळून आणि मग विचार करून.

त्याचं सगळं शरीर त्यासाठीच बनलंय. त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहेत आणि डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं. दिसत नाही ते थेट कपाळासमोर आणि थेट शेपटीमागे. आपण लाडाने ज्या दोन ठिकाणांहून घोड्याकडे जातो, नेमकी तीच! उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या नजरेला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वरातीतल्या झगमगाटातून अंधाऱ्या गल्लीत शिरणाऱ्या घोडीला पुढे काय दिसत असेल, याचा विचार करून बघा. दोन्ही कान स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना वळतात आणि आपल्याला मुळीच ऐकू न येणारे, ३३ हजार हर्ट्झपर्यंतचे बारीक आवाज टिपतात. आणि हा प्राणी आपल्याला पाठीवर बसू देतो. शिकारी जनावर झेप घेतं ते याच पाठीवर.

हे मुळात कसं झालं, याचा एक धागा २०२१ साली सापडला. लुडोविक ऑर्लांडो यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी २७३ प्राचीन घोड्यांच्या डीएनएचा अभ्यास केला. आजचे पाळीव घोडे सुमारे ४२०० वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या माळरानांवरून दूरवर पसरू लागले, असं त्यातून दिसलं. त्या काळात माणसाने निवड केल्याच्या ठळक खुणा दोन जनुकांवर आहेत. एकाचा संबंध पाठीच्या मजबुतीशी, दुसऱ्याचा चिंता आणि मनःस्थितीशी. म्हणजे त्या पशुपालकांनी पाठ पाहून घोडा निवडला, तसाच तो किती बुजतो हेही पाहून निवडला. पण बुजणं संपलं नाही. थोडं मागे सरलं, एवढंच. प्रत्येक शिंगराच्या बाबतीत उरलेलं काम कुणाला तरी नव्याने करावं लागतं.

ते काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते जानेवारीतल्या रविवारी. काकाजी आवारात एक घमेलं पालथं घालून बसले, चांदणीकडे पाठ करून. मांडीवर सूप, सुपात तिच्या चंदीचे हरभरे, ते निवडत राहिले. मी कुंपणाबाहेर. पंधरा मिनिटं काही नाही. चांदणी भिंतीशी, एक कान त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. अर्ध्या तासाने एक पाऊल. मग थांबली, मान लांब केली, परत मागे घेतली. पाऊण तासाने तिचं नाक त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिच्या श्वासाने त्यांच्या सदऱ्याची बाही हललेली मला दिसली. आता हात फिरवतील, हरभरे देतील, असं मला वाटलं. काकाजी उठले आणि सावकाश चालत दूर गेले.

मी चकितच झाले. "अहो, आली होती ना जवळ!"

"आली होती म्हनूनच त गेलो, ताई," ते म्हणाले. "ते आली का आपन जाचं. मंग तिले समजते, हा मानूस धरत नाही."

त्या दिवसाचा धडा एवढाच. पण अख्ख्या विद्येचं मूळ त्यात आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब संपतो त्या क्षणाने शिकतो. दोरीला हलका ताण द्या, तो असह्य होईपर्यंत वाढवू नका, फक्त धरून ठेवा. घोडा निरनिराळं काहीतरी करून बघेल: मान वर, मान बाजूला, आणि कधीतरी अर्धं पाऊल पुढे. त्या अर्ध्या पावलाला ताण सोडला तर 'पुढे' हे उत्तर त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. सोडायला दोन-तीन सेकंद उशीर झाला तर मधल्या वेळात त्याने जे काही केलं असेल, तेच त्याला बरोबर वाटतं. पोराने रस्त्यात ओढत राहून घोडीला काय शिकवलं? माणूस जवळ असला की तोंड दुखतं, हे. काकाजींनी दोरी सोडली तेव्हा त्यांनी तिचा प्रश्न ऐकून घेतला होता.

पुढचे रविवार हळूच सरकले. खांद्याला हात, मग हात काढायचा. मानेला हात, मग काढायचा. ती स्थिर असतानाच काढायचा, हलल्यावर नाही. नाहीतर हललं की हात जातो, असं ती शिकणार. खरारा करताना काकाजी सुरुवात नेहमी एकाच जागेवरून करत: मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापाशी. बोटांनी तिथे खाजवलं की चांदणीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायचा, डोळे अर्धे मिटायचे. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक याच जागी, आणि माणसाने तिथे खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात आढळलं. काकाजींनी तो अभ्यास वाचलेला नाही. घोड्याचा घोड्याशी मैत्री करण्याचा हा रिवाज त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.

म्होरकी चढली तशी दोरीवरची कामं सुरू झाली. एक पाऊल मागे. मागचे पाय बाजूला टाकून वळणं. मग लांब दोरीवर काकाजींभोवती गोल फिरणं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. घोड्याला असं वर्तुळात फिरवण्याला आपल्याकडे 'कावा' म्हणत. गनिमी काव्यातला कावा आपल्या ओठांवर राहिला, घोड्याचा विसरला गेला. या फिरवण्यात घोडा दमवायचा नसतो. त्याचा आतला, म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडचा, कान कुणाकडे आहे ते बघायचं असतं. चांदणीचा आतला कान पहिल्या दिवशी रस्त्याकडे, कुत्र्याकडे, माझ्या ओढणीकडे. तिसऱ्या आठवड्यात तो काकाजींकडे वळला आणि तिथेच राहिला. त्यांनी दोरी सैल केली, खांदे पाडले, आणि ती थांबून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

गोल रिंगणात घोडा माणसामागे चालू लागला की ते प्रेम, असा एक गोड समज जगभर आहे. मॉन्टी रॉबर्ट्स या अमेरिकन प्रशिक्षकाने तो प्रयोग फार प्रसिद्ध केला. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी ठेवली. घोडा लांब गेला की गाडी पाठलाग करायची, जवळ वळला की थांबायची. घोडे त्या गाडीच्याही मागे चालायला लागले! मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट नवल वाटलं. दाब थांबण्याची वेळ अचूक असेल तर गाडीसुद्धा घोड्याशी बोलू शकते, इतकी ही भाषा स्वच्छ आहे. पण खांद्यावरच्या उंचवट्यापाशी खाजवायला आणि बुजलेल्या घोडीशेजारी उभं राहून तिच्या बरोबरीने प्लॅस्टिककडे बघायला माणूस लागतो.

मग पन्नीची पाळी आली. लांब काडीला बांधलेली साधी प्लॅस्टिकची पन्नी. पहिल्या दिवशी ती वीस पावलांवर. काकाजी ती चांदणीकडे आणत नव्हते, पन्नी घेऊन तिच्यापुढून दूर चालत होते आणि ती मागून येत होती. ज्याच्या मागे आपण चाललो आहोत ते आपल्याला खाणार नाही, हे घोड्याला पटकन पटतं. आठ दिवसांत तिने पन्नीला नाक लावलं. मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात काकाजी तिच्या दुसऱ्या अंगाला गेले आणि चांदणी पहिल्या दिवसासारखीच उडाली. कोलोराडो राज्य विद्यापीठातल्या एका प्रयोगात, जो २०२१ साली प्रसिद्ध झाला, घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याचा एक मोठा संच नीट ओळखीचा करून दिला आणि मग तोच संच फक्त ९० अंशांत वळवून ठेवला. घोडे नवं काहीतरी पाहिल्यासारखे पुन्हा बुजले. जाताना शांतपणे ओलांडलेला खांब येताना भुतासारखा वाटतो तो यामुळे. त्याला खोड म्हणू नये. त्याच्या डोळ्यांना ती वस्तू खरोखर नवी असते.

फेब्रुवारीत एकदा दोरी माझ्या हातात दिली गेली. चांदणी माझ्याबरोबर दहा पावलं चालली आणि ताठरली. आजूबाजूला काही नव्हतं. काकाजी कुंपणावरून म्हणाले, "ताई, श्वास सोडा आधी. तुमीच दम धरून चालल्या ना जी." खरंच होतं. समोर मोटरसायकल उभी होती. ती सुरू झाली तर काय, हा विचार माझ्या डोक्यात होता.

नेमकं हेच स्वीडनच्या कृषिविज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलंय. त्यांचा अभ्यास २००९ सालचा. माणसांनी घोडा हातात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारायच्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं की, या वेळी घोड्याच्या बाजूने एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण छत्रीच्या विचाराने माणसाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीविषयी काहीही माहीत नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. शांत उभ्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडतात, आपल्या हृदयाचे साठ-सत्तर. या सावकाश हृदयाच्या प्राण्याला दोरीच्या दुसऱ्या टोकाची धडधड कळते. ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात तर अनोळखी माणसाच्या रागावलेल्या चेहऱ्याचा नुसता फोटो दाखवला, तरी घोड्यांचे ठोके लवकर वाढले आणि त्यांनी तो जास्त करून डाव्या डोळ्याने पाहिला. म्हणून घोडा शांत करायचा तर आपल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ते सोंग आणून जमत नाही. मी श्वास सोडला, मोटरसायकलकडे बघणं सोडलं. दोरी आपोआप सैल झाली.

दुसरी एक पद्धत आहे. ती मी पाहिली आहे आणि तिच्याविषयी माझं मत स्पष्ट आहे. घोडा आखूड बांधायचा, पाय बांधायचे आणि तो झटापट सोडेपर्यंत अंगावर पोती झटकत राहायची. तासाभरात घोडा 'शांत' होतो. लोक वाहवा करतात. पण तो घोडा शिकलेला नसतो, हरलेला असतो. सुटका नाही हे कळल्यावर शरीर प्रतिकार बंद करतं. कान कुठेच वळत नाहीत, डोळा उघडा असून बघत नाही. अशा घोड्याच्या आत काय साठलंय, ते एखाद्या दिवशी भर वरातीत बाहेर येतं. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की, घोड्याशी रागात वागू नये, आणि तो एखाद्या वस्तूला बुजला तर मारल्याने ती वस्तू त्याला जास्तच भयंकर वाटते. इतकी जुनी गोष्ट आजही पुन्हा सांगावी लागते.

आपल्या नागपूरला तर ती जास्त ठाऊक असायला हवी. रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार १७४२ पासून बंगालवर चालून गेले. तिथल्या लोकांनी त्यांना 'बर्गी' म्हटलं आणि त्यांची धास्ती अंगाईगीतांत उतरली. तो शब्द आपल्या 'बारगीर'चा. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावरचा स्वार. बारगीर म्हणजे ज्याला घोडा पागेतून मिळतो तो. ज्या घोड्याला आपण वाढवलेलं नाही, त्याच्यासह शेकडो कोस जायचं, नद्या पार करायच्या. त्या मोहिमांनी बंगालच्या खेड्यांवर जे ओढवलं ते भीषणच होतं. पण बारगिराचा विचार करताना मला त्याच्या आणि अनोळखी घोड्याच्या पहिल्या दिवसाचं कुतूहल वाटतं. तिथे काकाजींसारखा एखादा मोतद्दार असणारच, आणि बखरींत त्याला जागा नाही.

आणखी मागे जा. काकाजींच्या तबेल्याच्याच काटोल रस्त्याने पुढे जुनापाणी आणि माहुरझरीची शिळावर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथे दफनांमध्ये माणसांबरोबर घोड्यांची हाडं मिळाली, काही हाडांवर धारदार शस्त्राच्या खुणा. लोखंडी लगामाच्या कड्या मिळाल्या आणि घोड्याच्या डोक्यावर घालायचा तांब्याचा साज. लखलखणारा, पाऊल टाकलं की हलणारा धातू बुजऱ्या जनावराच्या डोळ्यांवर बांधायचा तर कुणीतरी त्याला दिवसचे दिवस सवय लावली असणार. एका सकाळी काकाजी चांदणीच्या कपाळावर पहिल्यांदा कलगी ठेवत होते. ठेवली, काढली. ठेवली, काढली. मी कुंपणाशी उभी होते आणि डोक्यात माहुरझरीचं तांबं होतं.

मार्चच्या सुरुवातीला गेले तेव्हा काकाजींनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. आवाराच्या मधोमध, उन्हात, चांदणी आडवी झोपली होती. घोडा उभ्याने डुलकी काढतो. पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात आहे. पण स्वप्नांची गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि आडवं होणं म्हणजे पळण्याची तयारी सोडून देणं. मोकळ्या कळपात कुणीतरी जागं उभं राहतं तेव्हा बाकीचे झोपतात. चांदणीपासून चार हातांवर काकाजी पालथ्या घमेल्यावर बसले, सूप घेऊन. तिचा एक पाय झोपेत हलत होता. अर्धा तास आम्ही दोघं काही बोललो नाही.

या लग्नसराईत तुमच्या घरची वरात निघणार असेल तर घोडीवाल्याला अर्धा तास आधी बोलवा. घोडीला जनरेटर बघू द्या, दोन्ही बाजूंनी. बँडला सुरुवात हळू करायला सांगा. फटाक्यांची लड तिच्यापासून लांब, पुढच्या चौकात लावा. मुलांना तिच्या खांद्याच्या बाजूने, विचारून जवळ जाऊ द्या. आणि ती वाटेत थांबलीच तर दोरी ओढू नका, सैल सोडा आणि एक मिनिट थांबा.